हलक्या छपराचा जड पाया

आमच्या डिचोली महालातील मूळ घराची हकीकत सांगताना घरातील वडीलधारी मंडळी कागदपत्रांकडे न वळता आधी जोत्याकडे बोट दाखवीत. घराणे घाटावरून केव्हा उतरले आणि कोणाच्या पथकाबरोबर आले, यावर आमच्या दोन चुलत्यांचे कधी एकमत झाले नाही. पण कमरेइतक्या उंचीचे ते चिऱ्यांचे जोते कोणी घातले आणि त्यासाठी चिरा कोठल्या सड्यावरून आणला, हे सांगताना दोघांचाही स्वर ठाम असे. पुढील पिढ्यांत भिंती खचल्या, पुन्हा उठल्या. छपरावरचे नळे जाऊन मंगळुरी कौले आली. माजघराचे दोन भाग झाले. जोते मात्र तेच राहिले.

त्या जोत्याला लागूनच २००८ च्या उन्हाळ्यात आम्ही मोटारीसाठी तयार भागांचे गाराज उभारले. लोखंडी खांब, कैच्या आणि पत्रे कारखान्यातून टेम्पोत आले आणि दोन दिवसांत बोल्टांनी जोडले गेले. पाया कसा असावा याची घरातील सारी चर्चा एकाच प्रश्नात संपली होती : ‘काँक्रीट किती ताकदीचे घालायचे?’ उत्तरही तयार होते : ‘सिमेंट भरपूर घाला, म्हणजे झाले.’ त्या उत्तराची किंमत आम्ही पुढे मोजली. ती हकीकत यथावकाश येईल. परंतु त्या निमित्ताने मला जे कुतूहल लागले, ते घरापुरते राहिले नाही. आपल्या या दोन तालुक्यांत माणसे पाया म्हणजे काय समजत आली, आणि सिमेंट आल्यावर ती समज कोठे सुटली, हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटतो.

पेडणे आणि डिचोली हे प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून १७८० च्या दशकात पोर्तुगिजांकडे गेले. जुन्या काबिजादींच्या मानाने येथे परकी राजवट उशिरा आली, आणि बांधकामाची रीत कोकणातल्यासारखीच राहिली. त्या रीतीचा मूळ पुरुष म्हणजे चिरा, अर्थात जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला १८०७ मध्ये ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. नाव समर्पक होते, कारण हा दगड खाणीत ओला असतो तेव्हा कुऱ्हाडीने विटेसारखा तासता येतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. हरवळ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे मंदिरही याच चिऱ्याचे आणि चुन्याचे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख दारावर आहे. साडेतीन शतकांनंतर गोवा शासनाने त्याचे जतनकाम करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. सिमेंटचा कण नसलेले ते काम इतका काळ टिकले, यात त्याच्या पायाचा वाटा काही थोडा नाही.

जुन्या घराच्या पायाची पद्धत साधी होती. माती काढत काढत सड्याचा कठीण थर लागेपर्यंत चर खणायचा, भिंतीच्या दीडपट-दुप्पट रुंदीने चिरे बसवायचे, आणि ते जमिनीच्या वर दोन-तीन हात उचलून जोते करायचे. सांध्यांत माती किंवा शिंपल्यांच्या भट्टीचा चुना. या पायाची ताकद कोणी मोजली नाही, कारण ती मोजण्याची गरज नव्हती. भिंत स्वतःच इतकी जड की तिला वाऱ्याचे भय नव्हते. आणि पाया इतका रुंद की भार जमिनीवर पसरून जाई. खरी चिंता होती ती पाण्याची. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस जेथे पडतो, तेथे जोते उंच असते ते मिरवण्यासाठी नव्हे. भिंतीचे मूळ कोरडे राहावे म्हणून.

हे झाले जड बांधकामाचे. पण आपल्याकडे हलके बांधकामही होतेच, आणि त्याचा विसर पडला म्हणूनच आजचा घोटाळा होतो असे मला वाटते. पावसाळा सरला की घरापुढचे खळे चोपून सारवले जाई आणि त्यावर मांडव पडे. मेढी, आडवे वासे, वर झावळ्या. हे सर्व सामान मापात तोडलेले, वर्षानुवर्षे तेच, माळ्यावर किंवा मांगरात नीट रचून ठेवलेले. मेढींच्या खळग्याही ठरलेल्या. दोन माणसे दिवसभरात मांडव उभा करीत आणि मृगापूर्वी तितक्याच सहजपणे उतरवीत. आज आपण ज्याला ‘प्रीफॅब’ म्हणतो, त्याची सगळी लक्षणे या मांडवात होती. पाया मात्र नव्हता. तो नव्हता याचे कारण अज्ञान नव्हे. हलकी वस्तू जूनच्या वाऱ्यात उभी ठेवायचीच नाही, असा तो करार होता. जे जड, ते बारमाही. जे हलके, ते हंगामी.

तयार भागांचे गाराज हा करार मोडते. ते मांडवासारखे हलके असते आणि घरासारखे बारमाही उभे राहते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर बेघरांसाठी दीड लाखांहून अधिक तयार घरे उभारली गेली, तेव्हा आधी जागेवर काँक्रीटचा तळ आणि मग मालमोटारींतून घर, असा क्रम होता. भाग कारखान्यातून येऊ शकतात, पाया येऊ शकत नाही. तो त्या-त्या जमिनीवर, त्या-त्या पावसात, स्थानिक हातांनीच घडवावा लागतो. म्हणून अशा बांधकामात पायाचे महत्त्व कमी न होता उलट वाढते.

आता सिमेंटकडे वळू. जोसेफ आस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात पोरबंदरच्या कारखान्याने १९१४ मध्ये नियमित उत्पादन सुरू केले. पण आपल्या पिढीच्या मनातील सिमेंट हे परवान्याचे सिमेंट आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर गोवा ज्या भारतीय बाजारपेठेत आला, तेथे सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. घराला चार पोती हवी असली तरी अर्ज, शिफारस आणि प्रतीक्षा. शेजारच्या महाराष्ट्रात तर सिमेंटवाटपाच्या प्रकरणात बॅ. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी सिमेंट अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले. टंचाईच्या त्या दिवसांनी आपल्या मनात एक समजूत पक्की केली : सिमेंट म्हणजे बळ, आणि अधिक सिमेंट म्हणजे अधिक बळ. ‘भरपूर घाला’ हे आमच्या घरातील उत्तर त्या समजुतीतूनच आले होते.

वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. काँक्रीटचा दर्जा ‘एम’ या अक्षराने आणि आकड्याने सांगतात. एम-२० म्हणजे त्या काँक्रीटचा १५ सेंटिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसतो. पोत्यावर छापलेला ४३ किंवा ५३ हा आकडा सिमेंटचा असतो, काँक्रीटचा नव्हे. ५३ चे पोते आणले म्हणून काँक्रीट ५३ चे होत नाही. ते ठरते मुख्यतः पाण्यावर. डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये दाखवून दिले की सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, तितकी ताकद कमी. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी पुरेसे असता, कालवण सैल व्हावे म्हणून आणखी सात-आठ लिटर ओतले, की पाव ते तिसरा हिस्सा ताकद त्या बादलीतून वाहून जाते. पुढे आठ-दहा दिवस पाणी मारण्यात हयगय झाली, तर उरलेलीही पूर्ण हाती येत नाही. म्हणजे घालताना पाणी कमी आणि घातल्यावर भरपूर. आपल्याकडे नेमके उलटे होते.

पण ताकदीचा हा आकडा गाराजाच्या बाबतीत पहिला प्रश्न आहेच कोठे? मोटारीच्या चाकात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन ते अडीच किलो असतो; चाक जमिनीवर साधारण तेवढाच दाब देते. एम-२० काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो सोसते. ऐंशीपट ताकद असूनही गाराजाची जमीन भेगाळलेली आपण पाहतो. ती चिरडली म्हणून नव्हे; तिच्याखालची भर बसली म्हणून. दोष काँक्रीटचा नसून मातीचा, आणि मातीकडे कोणी पाहिलेले नसते.

माती किती फसवी असते, हे पेडण्याने साऱ्या देशाला दाखविले आहे. सड्यावर उभे राहिले की पायांखाली अखंड कातळ आहे असे वाटते. प्रत्यक्षात जांभ्याचा तो थर म्हणजे एक कवच. त्याच्याखाली पांढरट-पिवळसर, ओली झाली की साबणासारखी निसटणारी माती असते. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा याच मऊ मातीतून न्यावा लागला, आणि सह्याद्रीचा कठीण काळा दगड फोडून निघालेल्या अभियंत्यांना या मातीने सर्वांत अधिक छळले. २६ जानेवारी १९९८ रोजी सारा मार्ग खुला झाला, तरी बोगद्याची कुरबूर संपली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग ढासळला. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल शिरून गाड्या वळवाव्या लागल्या. आपले गाराज म्हणजे बोगदा नव्हे. पण सड्याच्या उतारावर, जेथे कवच तुटून खालची माती उघडी पडते, तेथे पायाची खणती करताना हे स्मरणात असावे. डिचोलीकडे प्रश्न वेगळा. तेथे खाणींच्या काळात टाकाऊ मातीने कित्येक खोलगट जागा भरल्या गेल्या. वरून सपाट, लाल, घट्ट दिसणारी ही भर पावसागणिक बसत राहते. राष्ट्रीय मानकाप्रमाणे पाया निदान ५० सेंटिमीटर खोल असावा. पण भर जर दीड मीटर असेल, तर ५० सेंटिमीटरला काही अर्थ नाही. चुलत्यांच्या भाषेत सांगायचे तर, पहार ‘टण्’ वाजेपर्यंत खणायचे.

आता वारा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. शेकडो झाडे पडली, कितीतरी घरांची छपरे उडाली. पेडण्यातील एका आप्तांच्या अंगणातील मोटारीची शेड त्या दुपारी खांबांसकट उठून शेजारच्या काजूच्या बागेत जाऊन पडली. खांब वाकले नव्हते, बोल्ट तुटले नव्हते. चार इंची कोब्यात ठोकलेले बोल्ट आपापला काँक्रीटचा टवका घेऊन निघाले होते. आप्तांनी मला कौतुकाने सांगितले होते की कोबा एम-३० चा आहे.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. तीन मीटर रुंद आणि सहा मीटर लांब शेडचे छप्पर १८ चौरस मीटर. सांगाडा आणि पत्रे मिळून तिचे वजन जेमतेम ४०० किलो. वाऱ्याच्या राष्ट्रीय मानकात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो. छपराचा उतार, बाजूंच्या भिंती यांप्रमाणे तो कमीजास्त होतो. परंतु बाजू उघड्या असतील तर खालून शिरलेला वारा छपराला वर ढकलतो आणि वरून जाणारा ओढतो. स्थूलमानाने तो पूर्ण दाब धरला तर शेडला उचलणारा जोर १६०० किलोंच्या घरात जातो. ४०० किलोंची वस्तू आणि १६०० किलोंचा उचल! म्हणजे हिच्या पायाचे मुख्य काम भार पेलण्याचे नाही, धरून ठेवण्याचे आहे. जुन्या घराचा पाया खालून आधार देई. या शेडचा पाया जहाजाच्या नांगरासारखा वरून खाली ओढणारा हवा.

धरून ठेवण्यासाठी लागते ते वजन. काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलोंचा, मग ते एम-१५ असो वा एम-३०. दर्जा वाढवून वजन वाढत नाही. सहा खांबांखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असे सहा ठोकळे घातले, तर प्रत्येक ५०० किलोंहून थोडा अधिक, आणि सहांचे मिळून ३१०० किलो. शेडचे वजन धरून उचलीच्या दुपटीहून जास्त. खांबाचे अँकर बोल्ट मात्र त्या ठोकळ्यात खोलवर, आकडा वळवून, काँक्रीट ओले असतानाच बसवलेले हवेत. दुसरा मार्ग म्हणजे संपूर्ण कोबाच सळईने एकसंध करायचा आणि त्याच्या कडा फूट-दीड फूट खोल व जाड ठेवायच्या. मग एक खांब उचलायचा तर साऱ्या कोब्याचे वजन आड येते. अंतिम आकडे अभियंत्याकडूनच तपासून घ्यावेत. पण त्याच्याकडे जाताना प्रश्न बरोबर असावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

मग काँक्रीटचा दर्जा निरर्थक का? तसे नाही. त्याचे खरे काम गंज रोखण्याचे आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला, तो दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुक्तीनंतर बांधलेला तो पूल अजून तरुण होता. खाऱ्या हवेत त्यातील पोलाद गंजले, हे त्याच्या पतनाचे प्रमुख कारण मानले गेले. जांभ्याला पोलाद नव्हते, म्हणून गंज नव्हता; सिमेंटबरोबर सळई आली आणि सळईबरोबर ही नवी व्याधी आली. काँक्रीट दाट असेल, तरच मिठाचे पाणी सळईपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणूनच सळईच्या कामाला निदान एम-२० हवे, असे भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने ठरविले, आणि जागेप्रमाणे पायऱ्या केल्या. मध्यम परिस्थितीत एम-२५. किनाऱ्याच्या हवेत एम-३०, आणि सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन. आपल्या भाषेत सांगायचे तर मोरजी, मांद्रे, हरमल, केरी येथील गाराजाला एम-३०, आणि समुद्रापासून दूर डिचोलीच्या अंतर्भागात जमिनीखालच्या ठोकळ्याला एम-२५. खाडीची वाळू गोड्या पाण्याने धुतल्यावाचून वापरली, तर मीठ बाहेरून येण्याची वाटही पाहावी लागत नाही. ते आपणच आत कालवलेले असते.

आता आमची हकीकत. आमचे गाराज उडाले नाही. ठोकळे जड होते. बिघडले ते निराळेच. ठेकेदाराने खांबांचे खड्डे जोत्याला अगदी चिकटून, त्याच्या तळापेक्षाही खोल खणले, आणि ते भरण्यापूर्वी वळवाची एक सर आली. जोत्याचा कोपरा बोटभर खचला आणि वरच्या भिंतीला तिरपी चीर गेली. जुन्या पायाच्या तळापासून ४५ अंशांची कल्पित उतरण काढावी आणि नवा खड्डा तिच्या बाहेर ठेवावा, हा साधा नियम कोणीही सांगितला नव्हता. दुसरे असे की, मोटारीला चढ नको म्हणून कोबा जोत्याच्या निम्म्या उंचीपर्यंत उचलला आणि फट राहू नये म्हणून सिमेंटने भिंतीला सांधून घेतला. गावातील एका वृद्ध मेस्ताने काम पाहून आमच्या वडिलांना एवढेच म्हटले होते : “पात्रांव, जोत्याला वारा लागू द्या.” आम्ही ते मनावर घेतले नाही. पूर्वी जोत्यातून बाहेर पडून सुकणारी ओल आता मागे वळली आणि भिंतीत चढली. तिसऱ्या पावसाळ्यात देवघराची फणसाची चौकट वाळवीने पोखरलेली हाती आली. त्या चौकटीवर आजीच्या हातचे हळदीकुंकवाचे ठसे होते.

२०१२ मध्ये आम्ही ते गाराज उतरविले आणि घरापासून बारा हातांवर, पहार वाजेपर्यंत खणून, पुन्हा उभे केले. तयार भागांचा एवढा गुण खरा की चूक उमगल्यावर सांगाडा हलवता येतो. पाया मात्र हलवता आला नाही. तो फोडावा लागला, आणि चांगल्या दर्जाचे काँक्रीट फोडायला किती दिवस लागतात, हेही त्या वेळी कळले. कोपऱ्यातले चिरे काढून पुन्हा बसवले, सांधे चुन्याने भरले, चौकट नवी आली. ठसे गेले ते गेले.

मोप्याच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पेडण्यातील जमिनीचा नूर पालटला आहे. जुन्या घरांच्या अंगणांत गाराज, गुदाम, पाहुण्यांसाठी तयार खोल्या उभ्या राहत आहेत, आणि त्यांची जाहिरात ‘दोन दिवसांत घर’ अशी होते. दोन दिवसांत जे येते ते छप्पर. पायाला जमीन पाहावी लागते, पाणी कोठून येते आणि कोठे जाते ते पाहावे लागते, वारा कोणत्या खिंडीतून येतो ते वडीलधाऱ्यांना विचारावे लागते, आणि शेजारच्या जोत्याचा मान ठेवावा लागतो. काँक्रीट किती ताकदीचे, हा प्रश्न या सर्वांनंतरचा. आपल्या पूर्वजांकडे सिमेंट नव्हते, पण प्रश्नांचा हा क्रम त्यांना ठाऊक होता. आमच्या खळ्यात मांडव पडायचा बंद होऊन बरीच वर्षे झाली. मेढींच्या खळग्या मात्र अजून दिसतात. नव्या गाराजाची जागा आखताना आम्ही त्या बुजविल्या नाहीत.